कूस बदलल्याची सही

आजाऱ्यांच्या देखभालीला बायका पुरवणाऱ्या ब्यूरोत नाव घातलं त्या दिवसापासून ती मावशी झाली. तेव्हा तिचं वय होतं चौतीस. पहिल्याच घरी ऐंशीला टेकलेल्या एका गृहस्थांनी "मावशी, जरा पाणी द्या" म्हटलं, तेव्हा तिला हसू आवरेना. पुढे अंगवळणी पडलं. एकत्र राहणारी सख्खी धाकटी बहीणसुद्धा आता तिला चेष्टेनं मावशीच म्हणे. सात वर्षांत तिनं अकरा पेशंट केले होते. ब्यूरोच्या भाषेत पेशंट 'करतात'. त्यांतले काही बरे झाले, बरेच गेले, पण एकाच्याही पाठीला तिनं जखम होऊ दिली नव्हती. स्वतःहून ती हे कुणाला सांगत नसे. कुणी कामाबद्दल विचारलं तर मात्र सगळ्यात आधी हेच सांगे.

बारावं घर मास्तरांचं.

मास्तर म्हणजे शिंपी. दुकान बंद करून सहा वर्षं झाली होती, पण शिलाईचं मशीन घरात खिडकीपाशी मांडलेलं होतं आणि दारात आलेल्या माणसाची मापं नजरेनंच घ्यायची खोड गेली नव्हती. मावशीला बघून ते म्हणाले, "डावा खांदा उतरलाय तुमचा. उचलायची कामं फार झालीत." मग दारातून बाजूला होत म्हणाले, "या आत. पण एक आधीच सांगतो. तुम्हाला मुलीनं पाठवलंय, मी बोलावलेलं नाही. तुमच्यावर राग नाही. तुम्ही स्वयंपाकघर बघा, धुणं बघा. हिचं मी बघतो."

हिचं, म्हणजे काकूंचं. आठ महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. इतक्या वर्षांच्या बोलण्यातून एकच शब्द काय तो शिल्लक राहिला : नको. दुधाचा पेला पुढे केला की नको. म्हणून मागे घेतला की पुन्हा नको. खिडकी उघडली तर नको, लावली तर नको. डोळे मात्र लख्ख. दारातून कोण आलं, काय घेऊन आलं, सगळं टिपणारे.

पहिल्याच दिवशी मावशीनं त्यांना कुशीवर वळवायला घेतलं. लुळा हात छातीवर ठेवला, गुडघा दुमडला, खांद्याला आणि कमरेला हात लावला. काकू ओरडल्या, "नको! नको, नको!" स्वयंपाकघरातून मास्तर धावत आले. हातातला चमचासुद्धा त्यांनी खाली ठेवला नव्हता.

"सोडा तिला."

"काका, दर दोन तासांनी वळवायला लागतं. नाहीतर पाठ..."

"तुम्हाला ऐकू येत नाही का? ती नको म्हणतेय."

"त्या सगळ्यालाच नको म्हणतात, काका. झटक्यानंतर होतं असं. तोंडात एकच शब्द अडकून बसतो. त्याचा अर्थ दर वेळी तोच असतो असं नाही."

मास्तर बायकोकडे वळले. मग हळू आवाजात म्हणाले, "एकावन्न वर्षांच्या संसारात हिनं मला कधी नको म्हटलेलं नाही. दुकानात रात्र रात्र काजं करायला बसवलं, नको म्हणाली नाही. माझ्या आईचं सगळं हिनं केलं, नको म्हणाली नाही. मला कधी विचारायचंच सुचलं नाही हो. आता म्हणतेय, तर मी ऐकणार. तुम्ही कोण ठरवणार, खरं कुठलं आणि खोटं कुठलं?"

मावशीनं पांघरूण सारखं केलं आणि ती धुण्याकडे वळली.

मास्तर काकूंचं करत नव्हते असं नाही. उलट असं करणारा नवरा तिनं अकरा घरांत पाहिला नव्हता. सकाळी कोमट पाण्यानं तोंड, मान, हात पुसायचे. केस विंचरून सैल वेणी घालायची. नखं कापून त्यांची टोकं घासून घासून गुळगुळीत करायची. काकूंचे झगे त्यांनी स्वतः शिवले होते, मऊ सुती कापडाचे, मागून उघडणारे. आणि शिवण अंगाला टोचू नये म्हणून ती बाहेरच्या बाजूला घेतलेली. चादर इस्त्रीची, एकही सुरकुती नाही. बसणं सुसह्य व्हावं म्हणून मध्ये भोक असलेली एक गोल उशी त्यांनी शिवून कमरेखाली दिली होती. असली उशी उपयोगापेक्षा अपायच जास्त करते, कडेचं रक्त अडवते, हे मावशीला ठाऊक होतं. तिनं एकदा सुचवूनही पाहिलं. "मी चार रात्री बसून शिवलीय ती," एवढंच मास्तर म्हणाले. मुलीनं हवेची गादी पाठवली होती, तिचा पंप त्यांनी बंद ठेवला होता. त्याच्या घरघरीनं काकू दचकत होत्या.

म्हणजे पुढून बघावं तर काकू आरशासारख्या लख्ख. पाठ मात्र कुणीच बघत नव्हतं. डायपर बदलतानाही मास्तर दार लोटून घेत, पाय थोडे उचलत, हाताला येईल तेवढं पुसत आणि घाईघाईनं झगा खाली ओढत. बायकोची लाज राखायची होती त्यांना.

ब्यूरोचा तक्ता भिंतीवर लावलेला असे. तोंड धुणं, अंग पुसणं, भरवणं, औषधं, आणि सगळ्यात खाली 'कूस बदलली' : आठ, दहा, बारा, दोन. प्रत्येक चौकटीत सही. दुपारी निघताना तक्त्याचा फोटो काढून पाठवायचा. तो ब्यूरोकडे जाई, तिथून परगावच्या मुलीकडे. पहिले तीन दिवस मावशीनं शेवटची ओळ कोरी ठेवली. चौथ्या दिवशी ब्यूरोच्या मॅडमचा फोन आला.

"मावशी, खालच्या चौकटी रिकाम्या का?"

"काका हात लावू देत नाहीत, मॅडम."

"मग समजवा ना त्यांना. पेशंटच्या घरच्यांना सांभाळून घेणं हेही कामच आहे आपलं. रिकामा तक्ता क्लायंटला कसा पाठवू मी?"

"मुलीला सांगा ना, वडील नको म्हणतात म्हणून."

"म्हणजे बाप-लेकीत भांडण आपण लावायचं? केस हातची जाईल. तुम्ही एवढ्या अनुभवी, तुम्हाला काय सांगायचं! बघा, करून घ्या कसंतरी."

पाचव्या दिवशी मावशीनं आठच्या चौकटीत सही केली. उद्या मास्तरांना पटवू आणि सही खरी करू, असं स्वतःला सांगून केली. दहाच्या चौकटीत करताना तेवढंही सांगावं लागलं नाही.

तिला कुणी दमदाटी केली म्हणून तिनं हे केलं असं म्हणता आलं असतं, तर बरं झालं असतं. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते तिला माहीत होतं. हे घर तिला आवडलं होतं. आधीच्या घरी बारा तासांत टेकायला स्टूलही नव्हतं, आणि तिचा कप वेगळा, खिडकीच्या कोनाड्यात पालथा घातलेला. इथे मास्तर तिच्यासाठी टेबलाची खुर्ची ओढत. "बसा, गरम आहे तोवर खाऊन घ्या" म्हणत. तिच्या उतरत्या खांद्याला बेतून एक पोलकं त्यांनी न विचारता शिवून दिलं, आणि ते असं काही बसलं की बहीण म्हणाली, "अगं, तू तर सरळ झालीस!" अशा माणसाशी रोज सकाळी उठून कोण वाद घालणार? तिनं कानाडोळा केला. धाकानं नव्हे, सुखानं केला.

रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल येई. विंचरलेले केस, पावडर लावलेला चेहरा, इस्त्रीची चादर बघून मुलीचे डोळे भरून येत. "मावशी, आई किती छान दिसतेय! तुमच्या हाताला गुण आहे हो." मावशी फोन धरून उभी असे. काकू कॅमेऱ्याकडे न बघता मावशीकडे बघत.

पाचव्या आठवड्यात वास आला.

पावडरीच्या आणि यूडी कोलनच्या सुगंधाखाली एक गोडूस, उबट वास. ज्याला माहीत नाही त्याला कळणारही नाही. मावशीनं तो ओळखला. तिनं विचारलं, "काका, पाठीला काही झालंय का?"

"थोडी लाल झाली होती. मलम लावतोय. वाळेल."

"मला बघू द्या."

"मी लावतोय म्हटलं ना."

त्या दिवशीही तिनं चारही चौकटींत सह्या केल्या. घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. दोन दिवस तिनं तसेच काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या चष्म्याची काडी तुटली. चष्म्याशिवाय त्यांना नखं कापता येईनात. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येतो म्हणाले. "अर्ध्या तासात आलोच. तिला एकटं सोडू नका."

दार लागल्याचा आवाज आला आणि मावशीनं हात धुतले.

"काकू, मी तुम्हाला वळवणार आहे. दुखेल. पण मला बघायलाच हवं."

"नको," काकू म्हणाल्या.

मावशी थबकली. तोंडानं नको म्हणत असतानाच काकूंनी चांगला डावा हात पलीकडे नेला आणि पलंगाचा कठडा घट्ट पकडला. "नको, नको," म्हणत त्या स्वतःला त्या बाजूला ओढू लागल्या. जेवढं ओढता येईल तेवढं, बोटं पांढरी होईपर्यंत. मावशीनं खांद्याला आणि कमरेला हात दिला आणि त्या वळल्या.

गोल उशीला कापड चिकटलं होतं. ते सोडवायला ओला बोळा लागला. माकडहाडावर तळहातात मावेल एवढी जखम होती. कडा काळ्या पडलेल्या, मधे पिवळट, आणि आत खोल. मलम फक्त कडेकडेनं लागलं होतं. बघायचं नाही असं ठरवून अंदाजानं फिरवलेल्या बोटाचं ते मलम होतं. मावशीनं आयुष्यात अशा जखमा पाहिल्या नव्हत्या असं नाही. दुसऱ्यांच्या हाताखालच्या पाहिल्या होत्या.

तिनं मीठपाण्यानं जखम हलकेच पुसली, स्वच्छ कापड ठेवलं. काकू कण्हत होत्या, पण कठडा त्यांनी सोडला नाही. तेवढ्यात मास्तर आले. काडीला चिकटपट्टी लावून घेतलेला चष्मा डोळ्यांवर होता.

"काय चाललंय हे? मी पाठ फिरवली नाही तोवर..."

"काका, इकडे या. बघा."

"मी नाही बघणार. तिला सरळ करा. रडतेय ती!"

"बघा म्हणते ना!" मावशी ओरडली. पेशंटच्या घरी ती पहिल्यांदाच ओरडली होती.

मास्तर आले. बघितलं. त्यांचा हात नकळत पुढे गेला, कापडाला पडलेलं भोक चाचपायला जावा तसा, आणि मधेच थांबला. "परवा तर एवढीशी होती," ते म्हणाले. मग, "मला वाटलं, वाळतेय." मग त्यांचा आवाज एकदम चढला. "तुम्ही होता ना इथे? सात वर्षांचा अनुभव ना तुम्हाला? रोज येत होता ना? मी शिंपी माणूस, मला काय कळतं? तुम्हाला कळत होतं ना? मग का नाही मला ढकलून बाजूला केलंत?"

मावशीनं काकूंच्या पाठीशी उशी लावली.

"चालत्या व्हा," मास्तर म्हणाले.

ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि तिनं आधी मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा आवाज फार गोड झाला.

"हे बघा मावशी, घाबरू नका. तक्त्यावर पाच आठवड्यांच्या सह्या आहेत तुमच्या. म्हणजे आपली बाजू भक्कम आहे. म्हातारी कातडी, एका रात्रीतसुद्धा फाटते. तुम्ही काही बोलू नका. मुलीशी मी बोलते."

"पण सह्या खोट्या आहेत, मॅडम. तुम्हाला माहीत आहे."

"मला काय माहीत आहे? माझ्याकडे तक्ता आहे." आणि फोन बंद झाला.

झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ झाकून ठेवली असती तर नोकरी राहिली असती, कदाचित नावही. पण मॅडम मुलीशी कधी बोलणार आणि काय बोलणार? वर त्या बाईच्या हाडापर्यंत जखम पोचलेली, आणि घरात एकटा घाबरलेला म्हातारा. मावशीनं मुलीला फोन लावला.

"ताई, आईंना आजच्या आज दवाखान्यात हलवा. पाठीला मोठी जखम आहे. आणि ताई, मी कूस बदलत नव्हते. काका देत नव्हते आणि मी सह्या करत होते. सगळ्या सह्या खोट्या आहेत."

मुलगी म्हणाली, "मी तुम्हाला दर रविवारी काय म्हणत होते, आठवतंय? तुमच्या हाताला गुण आहे म्हणत होते." आणि ती रडू लागली. मावशी फोन कानाला लावून ऐकत राहिली. ते ऐकणं तिच्या वाट्याचं होतं.

दुपारी रुग्णवाहिका आली. काकूंच्या जखमेची शस्त्रक्रिया झाली, आतलं सडलेलं काढावं लागलं. ब्यूरोनं मावशीचं नाव यादीतून कमी केलं आणि मुलीला लेखी कळवलं की संबंधित कर्मचारी निष्काळजी आढळली. मॅडमची पुढे बढती झाली म्हणतात. खरं-खोटं कोण जाणे.

आठवड्यानं मुलीचा पुन्हा फोन आला. या वेळी ती रडत नव्हती. "एकच विचारायचंय. तुम्ही म्हणालात, बाबा हात लावू देत नव्हते. बाबा म्हणतात, त्यांनी कधीच अडवलं नाही. तुम्ही दार लावून सगळं करत होता, असं त्यांना वाटत होतं. डॉक्टरांसमोर सांगितलं त्यांनी. तुम्ही माझ्या बापावर ढकलताय?"

आपण एकदा खोटं लिहिलं, आता आपल्या खऱ्याला कोण विचारतं?

"मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलंय, ताई," ती म्हणाली.

महिन्याभरानंतरच्या एका संध्याकाळी मास्तर तिच्या खोलीच्या दारात उभे राहिले. पत्ता कुठून काढला कोण जाणे. बहिणीनं त्यांना ओळखलं नाही. मावशीनं ओळखलं, पण "या" म्हणायला तिला वेळ लागला. ते चांगलेच खंगले होते.

"घरी आणलंय तिला," खुर्चीच्या टोकाशी बसत ते म्हणाले. "नवी बाई आहे, दिवसाची. चांगली आहे. ती गेली की मग रात्री मी एकटा. दर दोन तासांनी वळवायचं, डॉक्टरांनी बजावलंय. मला जमत नाही. ती ओरडली की माझे हातच गळतात." त्यांनी पाण्याचा पेला तसाच धरून ठेवला. "नव्या बाईला विचारायची लाज वाटते."

"आणि माझ्याकडे यायची नाही वाटली?"

मास्तरांनी मान खाली घातली. "मुलीसमोर खोटं बोललो मी. तोंडातून निघून गेलं आणि मग मागे घेता येईना. तुम्ही निदान फोन करून कबूल केलंत. माझ्याच्यानं तेवढंही झालं नाही."

बहीण दारातून मावशीकडे बघत होती. घालव याला, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मावशीलाही तेच वाटत होतं. इतके दिवस मनात घोळवलेली सगळी वाक्यं जिभेवर आली. पण रात्रीच्या वेळी त्या पलंगावर एकट्या पडलेल्या काकू तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"झोपा इथे," तिनं आपल्या खाटेकडे बोट दाखवलं.

"काय?"

"सांगून नाही कळायचं. चप्पल काढा आणि झोपा. अंग सैल सोडा, उजवी बाजू आपली नाहीच असं समजा."

मास्तर झोपले. मावशीनं त्यांचा उजवा हात छातीवर ठेवला, उजवा गुडघा दुमडला, एक हात खांद्यामागे, एक कमरेला. "आता सांगायचं, वळवतेय म्हणून. न सांगता कधी वळवायचं नाही. आणि हिसका द्यायचा नाही, आपलं वजन हळूहळू पुढे टाकायचं." आणि तिनं त्यांना वळवलं. मास्तरांच्या घशातून आवाज निघाला आणि त्यांचा डावा हात हवेत काहीतरी शोधत भिंतीवर आपटला.

"काय झालं?"

"पडतोय असं वाटलं," मास्तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "खाली काहीच नाही असं."

"त्यांनाही तसंच वाटतं. नुसतं दुखतं म्हणून नाही ओरडत. म्हणून आधी पकडायला काहीतरी द्यायचं. कठड्यावर हात नेऊन ठेवायचा त्यांचा. तो चांगला हात आहे, काका, त्याला पकडता येतं. तो काय करतोय ते बघत जा."

तिनं पाठीमागे उशी कशी लावायची ते दाखवलं, गुडघ्यांच्या मधली दाखवली, टाच अधांतरी कशी ठेवायची तेही. ती गोल उशी टाकून द्या म्हणाली. मास्तर "हो, हो" म्हणत होते. झाल्यावरही ते उठले नाहीत. भिंतीकडे तोंड करून तसेच पडून राहिले, आणि त्यांचे खांदे हलत होते. मावशीनं त्यांना उठा म्हटलं नाही. ती बाजूला उभी राहिली. त्यांना थोपटावं असं तिला वाटलं नाही, आणि वाटलं नाही म्हणून अपराधीही वाटलं नाही.

जाताना ते दारात म्हणाले, "मी मुलीला सांगतो. खरं काय ते."

"तुमचं तुम्ही बघा," मावशी म्हणाली.

ती आता ओळखीतून मिळालेल्या दोन घरी जाते, ब्यूरोशिवाय. मास्तरांकडची नवी बाई तिला औषधांच्या दुकानात अधूनमधून भेटायची. तिच्याकडून कळत गेलं, जखम भरत आलीय, मग चण्याएवढी राहिलीय, मग पुन्हा थोडी उघडलीय. रात्री मास्तर स्वतः वळवतात, आधी सांगून. काकू अजून ओरडतात. मास्तर तरीही काम पुरं करतात. पुढच्या हिवाळ्यात काकू गेल्या, छातीत कफ होऊन.

मुलीचा फोन काही आला नाही. मास्तरांनी तिला सांगितलं, की सांगायचं राहूनच गेलं, हे मावशीला कळलं नाही. नव्या बाईला विचारता आलं असतं. तिनं विचारलं नाही.